शेवटच्या बाकावरची उपकारस्तुती

४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

शाळेच्या प्रार्थनागृहात आपण दोघी एकाच गीतपुस्तकावर डोकी टेकून उभ्या राहायचो, आठवतं? मी मनापासून गायचे आणि तू नुसते ओठ हलवत बुटातून पाय बाहेर काढायचीस. सिस्टरना दिसायचं सगळं, पण बोलायच्या नाहीत.

आता ओठ हलवायची पाळी माझ्यावर आली. घशात गाठ निघाली होती. साधीच होती, काढली, घाबरू नकोस. डॉक्टर म्हणाले, बोला हवं तेवढं, पण गाणं विसरा. तुझ्या भावोजींनी लगेच विचारलं, की बोलणंही थोडं कमी करता येईल का.

लग्न होऊन आले तेव्हापासून मी गायनमंडळात पुढे उभी. आता रविवारी देवळात जाववत नाही. बाकावर बसून बेकरीवालीचं केकाटणं ऐकण्यापेक्षा घरीच प्रार्थना बरी. माझ्यावाचून मंडळीचं अडत नाही, माझंही त्यांच्यावाचून अडू नये.

माया आटू देऊ नकोस.
तुझी ताई

१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र औषधाच्या दुकानातच, खोकल्याच्या बाटल्यांमागे लपून वाचलं. रडू आलं, मग रागही आला. मी जन्मात कधी सुरात गायले नाही. मग इतकी वर्षं मी देवळात काय केलं, बाई?

बायबलातली ती करिंथ गावची मंडळी केवढी भांडकुदळ. पौलाला सगळं ठाऊक होतं, तरी त्यांना लिहिलेल्या पत्राच्या सुरुवातीला त्याने त्यांच्याबद्दल देवाचे आभारच मानले. कानउघाडणी मागाहून. तूही रविवारी शेवटच्या बाकावर बस आणि दिसेल त्या एकेकाबद्दल आभार मान. बेकरीवाली आली की हवं तर डोळे मिट.

नाहीच जमलं तर मला शिव्या घाल, पण घरी बसू नकोस.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
धाकटी

२० फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

गेले बाई. पाळकसाहेबांपासून सुरुवात केली. ते सोपं होतं. गाठ काढल्यावर पहिले काही दिवस मला बोलायची मनाई होती तेव्हा ते इस्पितळात येऊन स्वतःही गप्प बसायचे. त्यांना ते किती जड गेलं असेल.

मग बेकरीवाली आली आणि नेमकी माझ्याच बाकावर, घड्याळवाल्या काकांशेजारी बसली. काकांना आता जवळजवळ ऐकू येत नाही. गीत सुरू झालं तशी ती त्यांच्या कानाशी वाकली आणि ओळीखाली बोट फिरवत मोठ्याने गाऊ लागली. तिचं ऐकून काका गात होते. पुढे गायनमंडळात उभी असताना मला नुसता तिचा आवाज यायचा. तो कुणासाठी आहे ते तिथून दिसत नव्हतं.

मी गप्प आहे असं पाहून तिला वाटलं, माझेही कान गेले. आमच्या दोघांच्या मध्ये सरकली आणि एक ओळ काकांच्या कानात, एक माझ्या. सूर कुठल्या कुठे. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. आभार मानायला शब्द शोधावेच लागले नाहीत.

बाहेर आल्यावर तिला सांगितलं, की कान नव्हे, घसा. ती म्हणाली, मग तर बरंच झालं, तुमच्या वाटचंही मीच म्हणेन.

आता रविवार कधी येतो असं झालंय.

तुझ्या रागाचीही ऋणी,
ताई

ता. क. भाचा इकडे येईल तेव्हा त्याच्याबरोबर सामान पाठव. तुझ्याकडच्या माझ्या ट्रंकेतला गायनमंडळाचा जादाचा पांढरा झगा शिंपीणबाईंच्या लेकीला, माझ्या जागी आता तीच उभी राहते. मोठ्या अक्षरांचं गीतपुस्तक काकांना. आणि दुकानातून घशाच्या गोळ्यांची मोठ्यात मोठी बरणी. ती बेकरीवालीला. तिला तिघांचं गायचं असतं.