तुझ्या गाठीचं माप

प्रिय द्वारका,

तुला कधी पत्र लिहिलंच तर ते मोठ्या विषयावर असेल, असं मला वाटलं होतं. जन्म, मरण, राहिलेलं बोलणं, वगैरे. आणि आज गावी दादाच्या ओसरीवर बसून लिहितोय ते लंगोटाबद्दल. हस हवं तर. सिडकोतल्या आपल्या घरात चैत्रापासून कोणी हसलेलं नाही.

आज चंपाषष्ठी. संध्याकाळी खंडोबाच्या बारा गाड्या ओढायच्या. तुला सगळं ठाऊक आहे, पण मलाच एकदा उजळणी करू दे, कारण यंदा सगळी गडबड माझी मीच केली. गाड्या ओढायचा मान आपल्या घराकडे. ओढणाऱ्यानं धोतराखाली हळदीत रंगवलेला नवा लंगोट घालायचा. तो घरच्या बाईनं शिवायचा, कापडाला कात्री न लावता, हातानं फाडून. आणि आपल्या लंगोटाला नाड्या नसतात. कमरपट्टा शिवूनच बंद. भर यात्रेत गाठ सुटली तर देवाचं काही जात नाही, घराची अब्रू जाते, हे आपल्या कुठल्यातरी पणज्यानं बहुधा अनुभवानं ओळखलं असावं.

नाडी नाही म्हटल्यावर सगळा भार मापावर. आणि माप करगोट्याचं. दर यात्रेच्या आधी तू करगोट्याचा काळा गोफ माझ्या कमरेभोवती फिरवायचीस, गाठ मारायचीस, आणि त्या मापानं पट्टा बेतायचीस. तो गोफ वर्षभर अंगावर. पुढल्या वर्षी जुना कापायचा, नवा बांधायचा.

मी पेपरात दर आठवड्याला देवाधर्माच्या नावानं चाललेल्या एकेका सोंगाची सालं काढतो. ते वाचून तू एकदाच म्हणाली होतीस, "समद्यांचं लिवलं तुम्ही. लंगोट तेवढा झाकून ठेवला." माझ्या सगळ्या वाचकांत तेवढी नेमकी टीका कोणी केली नाही.

गेल्या वर्षीचा गोफ तू खाटेवर बसून बांधलास. उभं राहवत नव्हतं तुला. गाठ पडेना. मी म्हणालो, राहू दे, मी मारतो. तू माझा हात बाजूला केलास. "तुम्हाला बुटाची येत नाय धड." मग चैत्रात गेलीस. गाठ राहिली.

आता खरी अडचण कळली का तुला? नवा लंगोट म्हणजे नवं माप. नवं माप म्हणजे जुना गोफ कापायचा.

महिन्यापूर्वी दादाचा फोन आला. "मल्हारी, वहिनी शिवंल लंगोट. एक दिवस ये, माप देऊन जा." मी म्हटलं, येतो. गेलो नाही. पुन्हा फोन. पुन्हा येतो म्हटलं. मग दादाच समजूतदारपणे म्हणाला, "लेका, तुला जमंना तर औंदा चुलत्याकडं देऊ मान. तुझ्या घरात बाई नाय, कोण नावं ठेवील?"

ते मला झोंबलं. तू म्हणशील, चांगलं झालं, सुटलात. मलाही आधी तसंच वाटायला हवं होतं. पण मला वर्षभर हाका येतात त्या 'सर, लेख पाठवा' एवढ्याच. नावानं हाक मारणारी तू होतीस असंही नाही, तू आपली 'अहो'. पण गाडीला जू बांधलं की सगळं गाव "मल्हारी, मल्हारी" म्हणतं. ते देवाला म्हणतात की मला, हे मी कधी तपासलं नाही. तेवढंही गेलं तर उरलं काय?

म्हणून मी शहाणपणा केला. गुलमंडीच्या मागच्या गल्लीत एका शिंप्याकडे गेलो. म्हटलं, घरचं माणूस नाही, तर बाहेरचं. देवाला कुठं शिलाई ओळखता येते?

शिंपी कापड उलटंपालटं करत म्हणाला, "ये है क्या, साब? चड्डी बोलूं कि पट्टी बोलूं?"

"लंगोट."

"घर में पैलवान है?"

"मीच."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सभ्य माणसासारखा टेप उचलला. मी म्हटलं, टेप कमरेला नाही, या गोफाला लावा. गोफ बोटांत धरून म्हणाला, "ये तो ढीला है, साब."

"माप गोफाचंच घ्यायचं. रीत आहे आमच्यात."

"मेरेकू क्या. कमर तुम्हारी, कपडा तुम्हारा."

घरी येऊन आरशासमोर चढवला. दोन पावलं टाकली. द्वारका, तो घसरला. गुडघ्यापर्यंत वगैरे नाही, सरळ घोट्यापर्यंत. मी लंगोटात अडकून पलंगाचा कठडा धरून उभा. इतका मजेशीर प्रसंग माझ्या लेखांत एकही नसेल. मी सवयीनं स्वयंपाकघराकडे पाहिलं, तू पदर तोंडात कोंबून हसतेयस का ते बघायला. फ्रिज गुरगुरत होता.

मग मी तसाच खाली बसलो. किती वेळ, ते विचारू नकोस.

मी इतका वाळलोय हे तोवर मला माहीतच नव्हतं. शर्ट सैल झाले तर माणूस धोब्याला दोष देतो. आणि जेवण म्हणशील तर डबा येतो. एकट्यासाठी ताट वाढून घ्यायचं म्हणजे आपणच आपल्याकडे पाहुणे गेल्यासारखं वाटतं. दोन घास खाल्ले की उठावंसं वाटतं.

शेवटी काल इथं आलो. वहिनीनं कोरं कापड, नवा गोफ आणि कात्री सूपभर हळदीशेजारी मांडूनच ठेवली होती. मी पिशवीतून शिंप्याची करणी काढली. वहिनीनं ती दोन्ही हातांनी उभी धरली.

"भाऊजी, ह्यात तुम्ही आन तुमचे दादा दोघं बसताल."

दादा ओसरीवरून म्हणाला, "मला नका घेऊ त्यात."

मी म्हटलं, "माप तिच्या गोफाचंच दिलं होतं, वहिनी."

वहिनीनं ती करणी खाली ठेवली. मग हळूच म्हणाली, "तुम्ही वाळलात ते हायच. पर द्वारकाबाई गोफ बांधायची तवाच चार बोटं ढील सोडायची. पट्टा बेतताना तेवढी वजा करायची. तुम्हाला ठावं नाय?"

नाही. मला काय ठाऊक असणार? मला वाटायचं, गोफ म्हणजे माप, माप म्हणजे माप. तू इतकी वर्षं माझ्या कमरेला चार बोटं जादा बांधत आलीस आणि एकदाही बोलली नाहीस? मी विचारलं, कशासाठी ढील.

"म्या बी इचारलं व्हतं. तर म्हणली, माणसाला जेवायला जागा ठिवावी."

एवढं बोलून वहिनीनं कात्री घेतली. "हात वर करा. जुना कापते."

मी गोफ मुठीत धरला. सोडेना. पन्नाशी ओलांडलेला माणूस, गावाला नावानिशी माहीत असलेला टवाळ, आणि वहिनीसमोर काळा दोरा धरून उभा. तिनं माझ्या मुठीकडे पाहिलं.

"गाठ बाईची हाय?"

"व्हय." शहरातली माझी भाषा तिथल्या तिथं गळून पडली.

वहिनीनं कात्री खाली ठेवली. "मंग मी नाय लावणार हात. पर माप तर पायजे. तुमचं तुम्ही बघा कसं करता."

ती आत गेली. मी दाराआड उभा राहिलो, गोफ कमरेला लागेस्तोवर आवळला, आणि उरलेल्या ढिलाईची एक गाठ मारली. तुझ्या गाठीला लागून, तिच्या डाव्या अंगाला. बरोबर, बुटाचीही धड येत नाही. तीन वेळा सुटली. चौथ्यांदा बसली. तुझी छोटी, ताठ. माझी म्हणजे जोंधळ्याचा फुगलेला दाणा.

वहिनीनं त्या मापानं कापड फाडलं. तो आवाज ऐकलास का तू? मी डोळे मिटून ऐकला. रात्री जेवायच्या आधी लंगोट शिवून, हळदीतून काढून दांडीवर वाळत घातला होता. सकाळी चढवून पाहिला, उड्या मारल्या. जागचा हलत नाही.

आता बाहेर हलगी सुरू झालीय. चुलते येऊन बघून गेले, मी खरंच आलोय का ते. दादानं त्यांना चहा पाजला आणि मान आपल्याकडेच राहिला.

तर शब्द देतो. लेखकाचा नाही, त्यावर तुझा कधीच विश्वास नव्हता. आजपासून ताट वाढून घेईन आणि संपवून उठीन. पुढल्या चंपाषष्ठीला हा गोफ कापायचा नाही, फक्त माझी गाठ सोडायची, कारण ती काचायला लागलेली असेल. तुझ्या गाठीपर्यंत भरून येईन. चार बोटं तेवढी राहू देत. ती तुझी.

तुझा, दोन गाठींतला,
मल्हारी