चूक नेमकी तिथेच

३ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तब्येत बरी आहे, प्रमोशनची नाही. प्रोग्राममध्ये चूक कुठे होणार हे आधीच ओळखणारं साधन बनवण्यात माझी उमर गेली. पेपर ढीगभर लिहिले. आता समिती म्हणते, ते बाहेर कुठे खरं ठरलं ते दाखवा. बाहेर! माझे विद्यार्थी प्राध्यापक झाले, ताई, आणि मी आहे तिथेच. फार जिवाला लागतं गं.

म्हणून कॉलेजात असताना तुझ्या दातांच्या दवाखान्यासाठी लिहिलेला अपॉइंटमेंटचा प्रोग्राम तपासला. साधन म्हणतं, वेळा देणारा भाग कधीही कोसळेल! रविवारी येऊन दुरुस्त करतो. भावजींना नमस्कार.

तुझा धाकटा

६ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

अरे, तो प्रोग्राम इतक्या वर्षांत साधा शिंकलासुद्धा नाही! हे म्हणाले, त्याने शेवटचा प्रोग्राम कधी लिहिला ते विचार. मी नाही विचारत. तुझं अडलंय म्हणून ये, पण जुना जपून ठेव. जेवायलाच ये.

ताई

११ जून

धाकट्या,
आशीर्वाद आहेतच, पण आज दातओठ खात लिहितेय.

सोमवारी सगळे पेशंट नऊलाच हजर! तुझ्या दुरुस्त प्रोग्रामने सगळ्यांना एकच वेळ दिली. सुजलेले गाल धरून माणसं जिन्यापर्यंत उभी. हे चिठ्ठ्यांवर नंबर लिहून वाटत होते. एक आजोबा तर कवळी हातात घेऊन भांडले. जुना प्रोग्राम परत लावलाय. तुझ्या प्रमोशनचं वाईट वाटतं रे, पण मला माझा दवाखाना चालवायचाय.

ताई

२ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पाय धरतो, पण आधी बातमी ऐक. साधनाने चूक जिथे होणार म्हटलं होतं, नेमकी तिथेच झाली! तसा पेपर लिहिला, समिती खूश. मी प्राध्यापक झालो! चूक घातली कोणी, हे कोणी विचारलं नाही. मीही उगाच विषय काढला नाही. समितीच्या अध्यक्षांना प्रात्यक्षिक बघायचंय. दुरुस्त प्रोग्राम एकच दिवस पुन्हा लावू का?

आणि एक दाढ ठणकतेय. तुझ्याशिवाय कोणापुढे तोंड उघडणार नाही.

तुझा धाकटा

५ सप्टेंबर

चि. प्राध्यापकास,
अनेक आशीर्वाद.

खोटं कशाला सांगू, वाचून डोळे भरले. पण प्रोग्रामला बोट लावलंस तर याद राख!

दाढेसाठी मात्र जरूर ये. तुझ्याच पद्धतीने तपासते. कुठला दात दुखणार ते आधी सांगते, मग त्याची दुरुस्ती करते.

दुखलं तरी लोभ असू दे.

ताई