कुंपणावरची गोधडी

रँडॉल्फ, उत्तर कॅरोलिना
९ एप्रिल १८६४

ती. सौ. लविनाताईस,
धाकट्या तबिथाचा सा. न. वि. वि.

पत्र टपालाने न धाडता मिठाच्या गाडीवाल्या हायरमच्या हाती देतेय. वाचून चुलीत घाल. आमचे हे, एलाय, दक्षिणेच्या फौजेतून पळून आलेत. टेकडीमागच्या रानात सात-आठ जणांबरोबर राहतात. तू कपाळाला हात लावशील, लाव बापडी. ज्यांच्या घरी पंधरा-वीस गुलाम त्यांना भरती माफ, आणि ज्याच्या घरी एक खेचर त्याने त्यांच्यासाठी मरायचं, हा कुठला न्याय गं?

पळालेल्यांना धरणारी राखणदारांची टोळी इथे सारखी फिरते. म्हणून आम्ही बायकांनी युक्ती काढलीय. कुंपणावर निळी गोधडी दिसली की खुशाल जेवायला या. लाल दिसली की टोळी आसपास आहे, रानातच थांबा. सासूबाई कुरकुरतात, धुऊन धुऊन गोधड्या विरल्या म्हणून. एवढ्या स्वच्छ गोधड्या या घराने कधी पाहिल्या नव्हत्या!

भाऊजी पडले त्याच फौजेत कॅप्टन. त्यांच्या कानावर यातलं अक्षर घालू नकोस. तुझ्या जोएलची काही खबर? फार आठवण येते त्याची.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.
तुझी तबिथा


विल्मिंग्टन
२ मे १८६४

चि. सौ. तबिथास अनेक आशीर्वाद.

पत्र जाळलं. समोर असतीस तर कान उपटले असते. तुझा नवरा रानात बसून भाकऱ्या मोडतो, आणि माझा एकोणीस वर्षांचा पोरगा त्याच्या वाटची गोळी झेलायला उभा. एक पळतो तेव्हा दुसऱ्याचं पोर मरतं, असं हे म्हणतात. मला ते खोडून काढता येत नाही.

जोएल आठ दिवसांच्या रजेवर येऊन गेला. नुसती हाडं राहिलीत गं. मावशी कशी आहे, एलायकाका कुठे आहेत, म्हणून खोदून खोदून विचारत होता. मजेत आहेत म्हटलं. तुमचे गोधड्यांचे उद्योग शिपायाच्या कानात कशाला घालू? निघताना बराच वेळ दारात उभा राहिला. शेवटी यांनीच गाडी चुकेल म्हणून हटकलं.

हायरमबरोबर मीठ पाठवतेय. भांडण आपल्या जागी, मीठ आपल्या जागी.

जिवाला जप.
लविना


रँडॉल्फ
१९ मे १८६४

ताई,

नमस्कार-चमत्कार राहू दे. जोएल पकडला गेला. माझ्याच अंगणात.

रजेवरून तो फौजेत गेलाच नाही. पंधरा दिवस आडवाटेने चालत इथे आला. मंगळवारी टोळी आमच्या कणग्या उपसत होती. लाल गोधडी मी केव्हाच कुंपणावर टाकली होती. रानातल्यांनी ती पाहिली, एकही जागचा हलला नाही. आणि हा पोर शेतातून सरळ चालत आला. त्याला वाटलं, गोधडी वाळत घातलीय म्हणजे मावशी घरी आहे. मी दोन्ही हातांनी मागे जा मागे जा अशा खुणा केल्या, तर त्यानेही हसून टोपी हलवली.

तालुक्याच्या तुरुंगात ठेवलाय. गोळी घालायची की परत लढायला धाडायचं, ते पंधरवड्यात ठरेल. भाऊजींची चिठ्ठी आली तर जीव वाचेल म्हणतात.

ताई, तू त्याला सांगायला हवं होतंस. लिहू नये, पण लिहिते.
तबिथा


विल्मिंग्टन
६ जून १८६४

चि. सौ. तबिथास अनेक आशीर्वाद.

लिहिलंस ते खरंच आहे.

यांनी चिठ्ठी लिहिली. तीनदा फाडली, चौथी धाडली. दुसऱ्यांच्या मुलांसाठी एकदाही लिहिली नव्हती असं म्हणाले. गोळी टळली. व्हर्जिनियात परत आघाडीवर पाठवताहेत.

तुमच्या तालुक्याच्या तुरुंगात जाऊन आले, तुझ्या दारी यायचं मात्र धाडस झालं नाही. दहा मिनिटं भेटू दिलं. मध्ये शिपाई बसलेला. मन लावून लढ, बापाचं नाव राख, असं पाठ करून गेले होते. तोंडातून आलं भलतंच. त्याला म्हटलं, तुझी मावशी गोधड्यांच्या बाबतीत भारी विचित्र आहे बाबा. निळी बाहेर असेल तेव्हा कुणीही जावं, हसून वाढते. लाल बाहेर असली की बाई तापलेली, सख्ख्या भाच्यानेही कुंपणाजवळ फिरकू नये. पुन्हा पुन्हा तेच सांगितलं. शिपायाने जांभई दिली. जोएल हळूच म्हणाला, की आता लक्षात राहील.

रोज गुडघे टेकते. काय मागते ते यांना ठाऊक नाही. तुला सांगते: माझा मुलगा पुन्हा पळू दे.

तुझ्यावर रागवायचा हक्क आता उरला नाही, तरी मला दूर लोटू नकोस.
लविना