फणसाच्या सालीबाबत, आणि कमलाकांताला काय मिळणार नाही त्याबाबत

मी, मालन मोरेश्वर धैर्यवान, वय वर्षे अडुसष्ट, अविवाहित, पूर्वी मुलींच्या शाळेत वनस्पतिशास्त्राची शिक्षिका, राहणार स्वतःचे घर, फणसवाडी, मुंबई, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर लिहीत आहे. कोणाच्या धाकाने नाही, भिडेने नाही. रागाने लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. रागाचा दाखला वाचणाऱ्यास पुढे मिळेल.

१. माझे राहते घर, तळमजला व माडी, मागचे परस आणि परसातले फणसाचे झाड, हे सर्व मी माझी भाची शकुंतला ऊर्फ शकू हिला देत आहे. (भाची म्हणजे भावाची मुलगी, आमच्या घरात तसेच म्हणतात, वकिलांनी नाक मुरडू नये.) ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीस आहे. तिचा थोरला भाऊ कमलाकांत यास यातली एक वीटही देऊ नये. त्यांची आई गेल्यावर दोघांनाही मीच वाढवले, तेव्हा 'बाई परक्या, त्यांना काय कळवळा' असे कोणी म्हणू नये.

२. कारण लिहिते, म्हणजे कोर्टात बोंब मारायला जागा राहणार नाही.

छप्पन सालच्या जानेवारीत गोळीबार झाला, तेव्हा वाडीच्या समितीने 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' अशी पत्र्याची पाटी करून घेतली. तिच्यावरचे अक्षर माझे आहे. कमलाकांत समितीचा अध्यक्ष. त्याने पाटी फणसाला लावली आणि लोखंडी तारेचे वेढे पिळून पिळून आवळले. वर सगळ्यांसमोर पण केला, की मुंबई मिळेपर्यंत ही तार सुटणार नाही. टाळ्या पडल्या. मी म्हटले, "अरे, तार रुतेल." तर हसून लोकांना सांगतो, "झाड वाढेल तशी पाटी आपोआप वर जाईल, उद्या ठाकूरद्वारहून दिसेल." पुन्हा टाळ्या.

हे वाक्य तो जाणूनबुजून खोटे बोलला आहे. झाड उंच होते ते शेंड्यांनी. खोडाचा जो भाग जिथे आहे तो जन्मभर तिथेच राहतो, नुसता जाड होतो. हे मी त्याला पुस्तकातून शिकवले नाही. तो आठ वर्षांचा असताना त्याच्या डोक्याच्या उंचीवर याच फणसाला मी खिळा मारला. मॅट्रिकला गेला तेव्हा खिळा त्याच्या छातीशी होता. "आत्या, खिळा खाली आला का गं?" म्हणाला, आणि मग स्वतःच उमजून लाजला. तो हे विसरला असेल तर मी माझे नाव बदलून घेईन.

३. न्यायाधीशसाहेबांस वनस्पतिशास्त्र येत नसेल म्हणून थोडक्यात सांगते. साल म्हणजे झाडाचे नुसते कातडे नव्हे. मुळांनी ओढलेले पाणी लाकडातून वर चढते. पानांनी उन्हात तयार केलेले अन्न मात्र सालीच्या आतल्या पातळ थरातून खाली मुळांकडे उतरते. लाकूड आणि साल यांच्या मधे वाढीचा एक थर असतो, तो खोड जाड करीत राहतो. खोड जाड होते, तार काही सैल होत नाही. ती सालीत रुतते, अन्न वर अडते आणि मुळे उपाशी मरतात. पाणी चढत असते, म्हणून पाने पुष्कळ दिवस हिरवीगार दिसतात आणि बघणाऱ्याला वाटते, झाड खुशीत आहे.

पुढच्याच वर्षी तारेच्या वरच्या अंगाला फणस असे लगडले की वाडीतल्या बायकांनी झाडाची ओटी भरली. समोरच्या बेबीताई म्हणाल्या, "झाडालासुद्धा महाराष्ट्र हवाय हो, मालनताई." मी म्हटले, "बाई, ते कोंडलेले अन्न आहे. मरणाऱ्या झाडाची धडपड आहे ती." झाले! तेव्हापासून मी द्विभाषिकवाली, म्हणजे महाराष्ट्राची वैरीण. फ्लोरा फाउंटनला मी अश्रुधूर खाल्ला, अजून पहाटे खोकते. त्या दिवशी समितीचे अध्यक्ष कचेरीत पंख्याखाली बसले होते. बेबीताईंना मी क्षमा करते, कारण त्यांना कळत नाही. फणस त्यांनी पोटभर खाल्ले, तेवढे पुरे.

४. गेल्या दसऱ्याला मी कमलाकांतास शेवटचे विनवले. पाटी राहू दे, तारेऐवजी काथ्याची दोरी बांध, तुझा पण मोडत नाही. त्यावर तो म्हणाला, "दोरी सैल पडते, आत्या."

त्या वाक्याने माझे डोळे उघडले. काळबादेवीच्या एका कापडवाल्याशी परसात गुदाम बांधून द्यायचे त्याचे बोलणे चालू आहे, हे मला त्याच्याच बायकोने सांगितले. हिरवे झाड तोडायला गेला असता तर वाडी अंगावर आली असती. आपोआप वाळलेले तोडायला कोण अडवणार? आणि आता पहिल्या मेला राज्य मिळणार, त्याचा पण पुरा होणार, तर हा म्हणतो तार तशीच राहू द्या, स्मारक म्हणून. केसाने गळा कापणारे पाहिले होते. तारेने कापणारा मी हाताने भरवून मोठा केला.

५. शकूचे काम सांगते. शिवाजी पार्कच्या सभेला सारी वाडी गेली होती, त्या दुपारी ती स्टुलावर चढली आणि कानशीने घासून घासून एका जागी तार तोडून वीतभर उपटून काढली. हाताची सालटी निघाली, तरी थांबली नाही. तिथली झाडाची साल आता भरून आली आहे, बघून कोणास कळणार नाही. तेवढ्याच पट्ट्यातून अख्ख्या मुळांना अन्न जाते. तो कोणत्या बाजूस आहे ते येथे लिहीत नाही. झाड मारणाऱ्याला तेवढे एकच ठाऊक नाही.

६. माझ्यामागे शकूने पाटी सन्मानाने उतरवून माडीच्या गॅलरीत लावावी. तिच्यावरचा शब्द खरा आहे. तार निघेल तेवढी काढून कमलाकांतास द्यावी. ती त्याचीच आहे.

७. माझा सूक्ष्मदर्शक शाळेस. मात्र ज्या मुख्याध्यापिकाबाईंनी 'फुलातले पुंकेसर मुलींना दाखवू नका' म्हणून माझा धडा बंद केला, त्यांनी त्यास हात लावू नये. मुलींनी लावावा.

८. तेराव्याला फणसाची भाजी करू नये. लोक जेवायला येतात आणि झाडाकडे बघत नाहीत.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि एकही शब्द मागे घेत नाही.

साक्षीदार:

१. हेरंब विनायक कीर्तिकर, राहणार ठाकूरद्वार. (सही)

२. कमलाकांत दत्ताराम धैर्यवान. त्यास काही मिळत नसल्याने साक्ष घालण्यास हरकत नव्हती, म्हणून मुद्दाम बोलावले. त्याने कागद उभ्यानेच शेवटपर्यंत वाचला. घराविषयी चकार शब्द काढला नाही. फक्त विचारले, "आत्या, शकूने तार कुठल्या बाजूला तोडली?" मी सांगितले नाही. सही न करता गेला. परसाच्या दाराचे कुलूप बदलून किल्ली आजच शकूच्या हाती दिली आहे.

२. (त्याच्या जागी) बुधाजी गोविंद सावंत, शाळेचे निवृत्त शिपाई, राहणार बीडीडी चाळ, वरळी. (सही)

मुक्काम फणसवाडी, मुंबई. रविवार, ता. १७ एप्रिल १९६०.

(सही) मालन मोरेश्वर धैर्यवान