भाग्यलक्ष्मी पहिली आली त्याची हकीगत

गुंद, मंगळवार

चि. शिवानंद यास बायजाक्काचे पोटभर आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत, म्हैससुद्धा. तुझी शुगर, शिल्पाच्या टाचांच्या भेगा आणि तुमचं गळकं छप्पर, या तिघांची खुशाली कळव. शिल्पासाठी कोकमाचं तेल काढून ठेवलं आहे. (मागच्या वेळी ते तू डोक्याला लावलंस असं कळलं. उरलेल्या केसांची काळजी मी समजू शकते, पण तेल टाचांचं आहे.) तू म्हणशील, फोन असताना पत्र कशाला? तर फोनला इकडे रेंज नसते, आणि असते तेव्हा तू "अक्का, मागनं बोलतो" म्हणून ठेवून देतोस. पत्राला तसं करता येत नाही. तू ठेवलंस तरी शिल्पा वाचून दाखवील.

गेल्या महिन्यात तू आपल्या ट्रकबद्दल जे बोललास ते मी विसरलेली नाही. "भाग्यलक्ष्मी आता गाडी ऱ्हाइली न्हाई अक्का, लोखंड झालं. संक्रांत झाली की भंगारवाला येऊन नेईल." मी भांडले तेव्हा म्हणालास, भरल्या वझ्यानं देवळाचा चढ चढून दाखवली तर बघू. हे तुझेच शब्द, शिल्पा साक्षीला होती. आता तू बेळगावात बसून गाडीचा मालक आहेस हे खरं, पण कणगं, कोनफळं आणि केळीचे घड घेऊन आम्ही बायका जोयड्याच्या बाजाराला जातो त्या तिच्यातनंच. रुक्माची सून गेल्या पावसात अडली, तेव्हा नागेशनं तिला दवाखान्यात पोचवली तीही भाग्यलक्ष्मीतनंच. (डाव्या दाराला दोरी बांधलेली असते म्हणून लोक हसतात. दोरी आहे म्हणजे दार आहे.) गाडी गेली तर आमची टोपली डोक्यावर आली आणि नागेश चालला गोव्याला, परक्याच्या गाडीवर. एवढा चांगला ड्रायव्हर तालुक्यात दुसरा नाही. बोलत नाही, बिडी ओढत नाही, आणि खड्डा आला की खड्ड्याच्या आधी मागे वळून आमच्याकडे बघतो. माझ्या नवऱ्यानं उभ्या जन्मात तेवढं बघितलं नव्हतं.

म्हणून यंदा मंडळाच्या पोरांनी कापणी झालेल्या शेतात ट्रकांची शर्यत ठेवली, तेव्हा मीच नागेशचं नाव दिलं. (त्याला मागाहून सांगितलं.) ओहोळ ओलांडायचा, देवळाचा चढ चढायचा, पलीकडच्या उतारानं खाली यायचं आणि चुन्याची रेष गाठायची. नियम एकच, गाडी भरलेली पाहिजे आणि वाटेत वझं पडलं तर गाडी बाद. बाकीच्यांनी वाळूची पोती भरली. आमची मळणी व्हायची होती, वाळू आणायला कोणी नव्हतं, आणि नागेश रिकाम्या गाडीपाशी उभा. मी विचारलं, "बाजाराला काय भरून नेतोस रं?" तो म्हणाला, "तुम्हांस्नी." मग प्रश्नच मिटला. रुक्मा, मी, वरच्या वाडीतल्या सगळ्या, अशा आम्ही पदर खोचून मागं चढलो. शिट्टी धाकलूकडे होती (जंगलखात्यात वॉचर होता, निवृत्त झाला तरी शिट्टी परत दिली नाही). त्यानं बराच विचार केला आणि वझं बोलणारं नसावं असं कुठं म्हटलेलं नाही, असा निकाल दिला.

शिवा, काय सांगू तुला. ओहोळात रामनगरच्या एका गाडीनं अशी बैठक मारली की ती अजून तिथंच आहे, बायका तिच्या आडोशाला धुणं धुतात. दुसरी एक चिखलाला घाबरून आली तशी परत गेली. नागेशनं मात्र गाडी दगडांवरून अशी अलगद काढली की रुक्माच्या तोंडातलं पानसुद्धा हललं नाही. पुढे राहिला तो एकटा रोहन, रामनगरच्या व्यापाऱ्याचा मुलगा, कोरी करकरीत निळी गाडी, आत गाणी लावलेली. तो चढ चढून दिसेनासा झाला. भाग्यलक्ष्मीही चढू लागली. भरल्या वझ्यानं, लिहून ठेव. माथा हाताच्या अंतरावर आला तेव्हा तिनं जरा दम घेतला. घेईल नाहीतर काय, तिचं वय बघ. नागेशनं मागं वळून बघितलं आणि पहिल्यांदाच त्याचं तोंड उतरलेलं दिसलं. बाजार, गोवा, भंगारवाला, सगळं त्याच्या तोंडावर होतं. मला ते बघवेना. मी म्हटलं, "उतरा गं." आम्ही उतरलो आणि गाडीला थोडा हात लावला. शेजारी गवत कापत असलेली केशर विळा टाकून धावत आली आणि तिनंही लावला. माथा आला, नागेशनं ब्रेकवर गाडी धरली, आम्ही पुन्हा चढून बसलो.

आणि मग उतार. उतारावर भाग्यलक्ष्मी जशी चालली तशी ती नवी असतानाही चालली नसेल. खडखड नाही, धूर नाही, वाऱ्यासारखी शांत. आम्हीही कधी नव्हे त्या गप्प होतो. (भीतीनं नव्हे, देवाचं नाव मनातच घ्यायचं असतं.) रोहनला बापानं गाडीला ओरखडा आणू नको म्हणून बजावलेलं, त्यामुळे तो दर हातावर ब्रेक मारत उतरत होता, आणि आत गाणी. मागून आम्ही येतोय हे त्याला कळलंच नाही. आम्ही शेजारनं पुढं गेलो तेव्हा रुक्मानं त्याला नमस्कार केला. चुन्याची रेष आम्ही आधी ओलांडली, आणि पलीकडे मंडळाची गवताची गंजी होती तिच्यात भाग्यलक्ष्मी टेकून थांबली.

चढावर काय झालं ते रोहनला कुणीतरी सांगितलं, आणि त्यानं तक्रार केलीच. "वझं वाटंत खाली उतरलं, गाडी बाद." मी म्हटलं, "पडलं न्हाई बाबा, उतरलं. आणि परत चढलं. तुझ्या पोत्यांस्नी जमतंय का बघ." धाकलूनं मग वझं मोजलं. निघताना होतं त्यापेक्षा जास्त भरलं, कारण केशर आमच्याबरोबर बसून आली होती, तिला खालच्या वाडीत जायचंच होतं. वझं कमी झालं असतं तर गाडी बाद, वाढलं तर उलट मान, असा निकाल झाला. रोहनचं तोंड बघायला तू हवा होतास. बक्षिसाची ढाल नागेशला मिळाली. तो गवत झटकून बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला, आणि मला रडू आलं. आपलं माणूस जिंकलं की असंच होतं.

तेव्हा भरल्या वझ्यानं चढ चढून झाला आहे. तू शब्दाचा पक्का आहेस हे मी इथं सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. शिल्पाला आणि मुलांना आशीर्वाद.

तुझी
बायजाक्का

ता. क. भंगारवाल्याला येऊ नको म्हणून आजच कळव.

ता. क. दुसरा. तू कुठूनतरी ऐकशीलच म्हणून लिहिते. चढावर इंजिन बंद पडलं ते परत चालू झालेलं नाही. पुढं उतार होता आणि मागं आम्ही, त्यामुळे कुणाच्या ध्यानात आलं नाही. यात नागेशचा दोष नाही. तो म्हणतो बेळगावचा एखादा चांगला मिस्त्री बघितला तर जीव आहे तिच्यात. मिस्त्रीबरोबर डाव्या दाराची कडीही पाठव.

ता. क. शेवटचा. एवढं करूनही भंगारवाला पाठवायचाच असेल तर त्याला नीट सांग, गाडी अजून गंजीतच उभी आहे, तिथून मोठ्या रस्त्यापर्यंत ढकलतच न्यावी लागेल. आणि गुंदमध्ये गाडी ढकलणाऱ्या म्हणजे आम्ही. मी सगळ्यांना विचारून बघितलं. कुणी येणार न्हाई म्हणतात.