सहाव्या खांदेकऱ्याबाबत

प्रति,
मा. वॉर्ड प्रशासक साहेब,
तमाबिन वॉर्ड, इरावतीकाठ

विषय : शवपेटी उचलण्यासाठी पाचऐवजी सहा इसमांना एकत्र येऊ देणेबाबत.
संदर्भ : पाचांहून अधिक इसमांच्या जमावास मनाई करणारा व मंडळे धर्मवार करण्याचा आपला आदेश.

महोदय,

मी, ऊ चो न्यून, निवृत्त शाळामास्तर, वॉर्डातील अंत्यसंस्कार सहाय्य मंडळाचा चिटणीस आहे. मंडळ कोणाच्याही विरोधात नाही. ते फक्त मयत उचलते, कोणाचेही.

सभासदांची विभागणी कशी केली आहे, असे आपल्या कारकुनांनी विचारले असता मी घाबरून खरे तेच सांगितले, की उंचीप्रमाणे. ती थट्टा नव्हती. युसुफ घड्याळजी व डेव्हिड शिंपी उंच, म्हणून पुढे. मुरुगन व चिनी किराणावाला आ-फाट मधे. ऊ बा थाव व मी बुटके, म्हणून मागे. धर्मवार मंडळे केल्यास युसुफला एकट्यानेच आपली माणसे उचलावी लागतील.

आमचे अध्यक्ष ऊ टुन शेन हीच अडचण घेऊन आपल्याकडे आले होते. तेथून त्यांना चौकशीसाठी नेण्यात आले. काल त्यांचे शव परत मिळाले, त्याबद्दल मंडळ आभारी आहे. मृत्यूचे कारण आम्ही विचारलेले नाही व विचारणार नाही. बाहेर वारलेल्यास वस्तीत आणू नये अशी रीत असल्याने ते वेशीवरील धर्मशाळेत आहेत. उन्हामुळे आणखी थांबता येत नाही.

चौघांना सागवानी पेटी पेलत नाही. आदेशाचा मान राखून पाच जणांनी उचलून पाहिली, मी बाजूला उभा राहिलो. पेटी माझ्या रिकाम्या कोपऱ्यावर कलली आणि आत अध्यक्ष घसरल्याचा आवाज आला. पाचांनी पेटी हळूच खाली टेकवली.

पत्नीचे म्हणणे असे, "अहो, अर्जावर नाव घातलंत की त्यांना आपलं घर सापडलंच म्हणून समजा." तिचे म्हणणे रास्त आहे. मी भित्रा माणूस आहे. युसुफनेही मला मोकळे केले आहे. तो म्हणाला, "मास्तर, तुम्ही घरी बसा. आम्ही पाच जण कायद्यातच आहोत. नाही पेलली तर ओढत नेऊ."

अध्यक्षांना ओढत नेलेले मला बघवणार नाही.

सबब परवानगी मिळावी, ही विनंती. न मिळाल्यासही पेटी आज दुपारी उचलली जाईल. पहिले पाच इसम आदेशाच्या मर्यादेत असल्याने त्यांना त्रास होऊ नये. सहावा इसम मी आहे, तशी नोंद घ्यावी.

आपला नम्र व भयभीत,
ऊ चो न्यून
तगू महिना, कृष्णपक्ष

सोबत : माझे मूळ ओळखपत्र.