पिनबॉलची रास्त किंमत

१ जून, रविवार. सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. फक्त नोंद. मध्य भारतातलं पहिलं घरगुती पिनबॉल यंत्र मी बनवतो आहे. (मध्य भारतातलं की भारतातलं, हे तपासायचं. तूर्त पेन्सिलीने.)
ध्येय एकच. ३१ ऑगस्टला गणेशोत्सवात मंडळाचं छंद-प्रदर्शन, त्यात फिरता चषक, आणि स्टेजवरून माइकमध्ये पूर्ण नाव: यशोधन टोकेकर. अठ्ठावीस वर्षं रेल्वेच्या आरक्षण खिडकीत बसून लोकांची नावं मी टाइप करतो, वयासकट. माझं कुणी मोठ्याने घेतलेलं आठवत नाही. तक्रार नाही.
संकल्प: रोज दोन तास काम. सौ. विजयाशी हॉलवरून वाद नाही. चहा दोनच.

सकाळी ११.००
तिसरा चहा. विचाराचं काम असेल तर धरायचा नाही.

५ जून
हॉलमधला सोफा उभा करून गॅलरीत ठेवला. यंत्र साडेचार फूट बाय सव्वादोन, पण खेळणाऱ्याच्या कोपरांना मोकळी जागा लागते. हे विजयाला कागदावर काढून दाखवलं. ती म्हणाली, पाहुण्यांच्या बुडालाही जागा लागते, त्याचाही कागद काढा. आमच्या देवश्रीसाठी स्थळं पाहणं चालू आहे. शेवटी लेखी करार झाला. चषक आला तर यंत्र कायम हॉलमध्ये. नाही आला तर मागच्या पडवीत, आणि सोफा परत आत. हसत सही केली. दुसरं वाक्य केवळ तिच्या समाधानासाठी.

१२ जून
मंडळाचे अध्यक्ष भय्यासाहेब (वय ८१) चौकट बघायला आले. समजावलं की काचेखाली तिरपी फळी असते. स्प्रिंगने पोलादी गोळी वर सोडायची. ती गडगडत खाली येताना रबरी खांबांवर आपटते, तसतसे गुण मिळतात. खाली दोन बटणांवर हलणारे दोन हात असतात, त्यांना फ्लिपर म्हणतात. त्यांनी गोळी पुन्हा वर टोलवायची. मधून निसटली की खेळ खलास.
भय्यासाहेब म्हणाले, म्हणजे कार्तिक मेळ्यातली खिळ्यांची गोळी. मी म्हणालो, नाही. ते म्हणाले, तिथे साबणवडी मिळायची. मी विषय सोडला.
फळीचा उतार साडेसहा अंश. सहा नाही, सात नाही.

२० जून
यंत्राचं नाव ठरलं, 'मध्यरेखा'. जुने ज्योतिषी रेखांश आमच्या उज्जैनपासून मोजत, म्हणून. फळीवर सूर्य, राशी वगैरे छापून घ्यायला भैरवगढला गेलो. तिथले कापडावर ठसे छापणारे म्हातारे छीपा एका हातात ठप्पा आणि दुसऱ्या हातात माझी फळी घेऊन बराच वेळ बसले. म्हणाले, बाबूजी, ये कपड़े का काम है, लकड़ी पे ठप्पा फिसलेगा. मी सांगितलं की घर्षणाचा अभ्यास मी स्वतः केलेला आहे, कुठल्याही कॉलेजात न जाता.
ठप्पा घसरला. सूर्याला दोन नाकं.
नवी फळी. आता कापड छापून घेतलं, फळीवर ताणलं आणि वर पारदर्शक शीट. फार सुंदर दिसतं. कल्पना माझीच. ते फक्त आधी बोलले.

६ जुलै, रविवार
मंडळाची सभा. गेल्या वर्षीचा अन्याय मांडला. चषक मंदार लघाटेच्या आगपेटीच्या काड्यांच्या किल्ल्याला. मंदार मंडळाचा सचिव, परीक्षक त्याचे साडू. काड्या चार हजार म्हणून सांगितल्या. मी मोजल्या होत्या, दर्शनी बाजूला ११३८. माझ्या स्वयंचलित निरांजनाला उत्तेजनार्थसुद्धा नाही, का तर ऐन आरतीत फ्यूज उडाला. फ्यूज मंडळाचा होता.
म्हटलं, पारदर्शकता हवी, लेखी नियमावली हवी. मंदार म्हणाला, मग तुम्हीच लिहा ना भिया, आपण छापून टाकू. सगळे हसले. घाबरलाय.

९ जुलै
नियमावली तयार. बारा पानं, तेवीस नियम. परीक्षक बाहेरगावचा. वस्तूवर नाव नाही, फक्त क्रमांक. विकत आणलेली वस्तू बाद. प्रत्येक वस्तूवर रास्त किंमत, म्हणजे साहित्य अधिक मेहनत. (मंदारने 'अमूल्य' लिहिलं होतं. अमूल्य ही किंमत नव्हे.) नियम सात: परीक्षण चालू असताना स्पर्धकाने दहा फुटांवर उभं राहायचं, बोलणं, खुणा करणं, खाकरणं वर्ज्य. गेल्या वर्षी मंदार खाकरला होता. नियम तेवीस: निकालानंतर कोणतीही तक्रार घेतली जाणार नाही. हा खास मंदारसाठी. हरल्यावर माणसं कशी वागतात ते मला ठाऊक आहे.
विजयाने वाचली. म्हणाली, यात तुम्हाला बक्षीस द्यायचा नियम कुठे दिसत नाही. तिला मुद्दा कळला नाही.

२२ जुलै
फ्लिपर मोटारीच्या सेंट्रल लॉकच्या सुट्या भागांतून केले. डावा उत्तम. उजवा गोळीला नुसतं गोंजारतो. तीन दिवस खटपट केली. आज ठरवलं की उजवा मुद्दामच मऊ ठेवलेला आहे. कौशल्य वाढतं.
यंत्र धक्के देऊन गोळी वळवणारे लबाड असतात. त्यांच्यासाठी आत एक लोलक टांगला. यंत्र हललं की दिवे बंद, खेळ बंद. अत्यंत संवेदनशील. दुपारी शेजारच्या कुकरची शिटी झाली तरी बंद पडलं. विजयाने विचारलं, मग खेळायचं कसं. म्हटलं, प्रामाणिकपणे.

३ ऑगस्ट, रविवार
देवश्री इंदूरहून आली. तासभर खेळली. मोठमोठ्याने हसत होती. गेल्या दिवाळीपासून इतकं हसलेली पाहिली नव्हती. (लोलक तात्पुरता काढला होता. पाहुण्यांपुरता.) मग म्हणाली, बाबा, हे खरंच मस्त आहे, पण यात कुठेतरी तुम्ही दिसू द्या. आकडे हाताने लिहा, लाकूड थोडं उघडं ठेवा.
पोर गुणी आहे, पण फिनिशिंगमधलं तिला कळत नाही. हाताची खूण दिसली की लोक म्हणतात 'हौशी'. एकशे अठ्ठावन्न कप चहा पिऊन मी हौशी म्हणवून घेणार नाही.

१४ ऑगस्ट
देवास गेटजवळच्या कूलरवाल्याकडून बाहेरच्या पत्र्याला पावडर कोटिंग करून आणलं. तो म्हणाला, कौन सी कंपनी का माल है. अंगावर काटा आला. वीस रुपये जास्त दिले.
मागे धातूची पट्टी बसवली: मॉडेल वायटी-१, अनुक्रमांक ०००१, २३० व्होल्ट. खाली छोटा स्टिकर: सील तोडल्यास वॉरंटी रद्द. वॉरंटी मीच मला देणार आहे. तरी शिस्त ती शिस्त.
भिंगाने तपासलं. हाताची एकही खूण राहिलेली नाही.

२४ ऑगस्ट
रास्त किंमत काढली. साहित्य ३८,४६०. मेहनत ६१२ तास. तासाचा दर काय लावायचा यावर दोन दिवस गेले. सुताराचा लावला तर माझा अपमान. इंजिनिअरचा लावला तर त्याचा उगाच सन्मान. शेवटी २४२ रुपये. एकूण १,८६,५६४. पाटी छापून आणली.
विजया म्हणाली, वरचे चौसष्ट तरी सोडा. म्हटलं, गोल आकडा दिसला की लोकांना संशय येतो.

३१ ऑगस्ट, रविवार. सकाळी ५.०५
नवा कुर्ता. चषक घेताना करायचं भाषण पाठ. चार मिनिटं, नम्र. त्यात मंदारचंही नाव घेतलंय. मन मोठं ठेवायचं.

दुपारी ३.४०
जसं घडलं तसं लिहितो.
परीक्षक इंदूरच्या पॉलिटेक्निकचे निवृत्त प्राचार्य. पाच नंबर दोन मिनिटांत, नऊ नंबर एका मिनिटात. सतरा नंबरला, म्हणजे माझ्याकडे, आले ते अकरा मिनिटं खेळले. भोवती गर्दी. गृहस्थांनी चष्मा काढून कपाळ पुसलं. लोलक मी बोल्ट कसून शांत केला होता, आजच्यापुरता. मग ते मागच्या बाजूला गेले, वाकून पट्टी वाचली, स्टिकरवर नख फिरवलं, किंमत वाचली. सरळ झाले आणि मोठ्याने म्हणाले, "यंत्र फर्स्ट क्लास आहे. पण यात स्पर्धकाने काय केलंय?"
मी दहा फुटांवर. टेपने मोजलेले.
मंदारने माझ्याकडे पाहिलं. मग प्राचार्यांना म्हणाला, "सर, एक मिनिट. कुणाला काही सांगायचं असेल तर सांगू द्या. मंडळाची हरकत नाही." हे सगळं माझ्याकडे बघत.
विजयाने कोपर मारलं. "अहो, बोला ना."
मी छताच्या पंख्याकडे पाहिलं. तीन पाती, एक किंचित खाली. नियम मी लिहायचा आणि मीच मोडायचा, तर मंदारमध्ये आणि माझ्यात फरक काय राहिला. घशात काहीतरी आलं होतं, पण खाकरणंही वर्ज्य.
प्राचार्य निदान अर्धा मिनिट थांबले. मग कागदावर लिहिलं. विकत आणलेली वस्तू, बाद.

संध्याकाळी ७.३०
चषक पाच नंबरला. अनसूयाबाई पुराणिक, लोकरीची टीकोजी (म्हणजे चहाच्या किटलीची टोपी), रास्त किंमत १४० रुपये. नाव माइकवरून दोनदा घेतलं, कारण पहिल्यांदा त्यांना ऐकू आलं नाही.
शांतपणे विचार केला. एवढ्या तज्ज्ञ माणसाला माझं यंत्र कारखान्यातलं वाटलं. याहून मोठं पारितोषिक जगात नाही. घरी येताना ऑटोत विजयाला हे तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, हो, आणि माझ्या कुर्त्याची कॉलर नीट केली.

१ सप्टेंबर
मंदारच्या घरी गेलो. तक्रार नव्हे, निवेदन. नऊ पानं, बिलांच्या झेरॉक्ससह. त्याने चहा दिला. निवेदन शेवटपर्यंत वाचलं, हे मान्य करायला हवं. मग नियमावली उघडून तेविसाव्या नियमावर बोट ठेवलं. वर म्हणाला, "मला माहीत होतं हो तुमचं आहे. पण मी सांगितलं असतं, तर तुम्हीच माझ्यावर नियम दाखवला असता."
चहात साखर जास्त होती.

७ सप्टेंबर, रविवार
सहभागाचं प्रमाणपत्र आलं. 'क्रमांक १७ यांस'. नावं फक्त विजेत्यांची उघडायची, हाही माझाच नियम, पंधरावा. डावीकडचा समास उजवीपेक्षा चार मिलिमीटर कमी आहे.
चार जणांनी यंत्र पडवीत नेलं. सोफा आत. विजया म्हणाली, राहू द्या की अजून आठवडाभर, कोण येतंय आता पितृपक्षात. मी म्हटलं, सही केलेली आहे.

१९ सप्टेंबर
पडवीतला उतार मोजला. फरशीमुळे सात अंश आणि वर थोडं. पायाखाली पुठ्ठा घालायचा.

२२ सप्टेंबर
नाही घातला.

२८ सप्टेंबर, रविवार. दुपारी २.००
देवश्रीला बघायला देवासची मंडळी आली. मुलगा सौमित्र, शांत आहे. वडील श्रीधरपंत, बँकेतून निवृत्त. सोफ्यावर सगळे व्यवस्थित मावले. देवश्री आणि सौमित्र गच्चीवर गेले, तासभर खाली आले नाहीत. विजयाने मला डोळ्यांनी सांगितलं की गप्प बसा, चांगलं चाललंय. मी गप्पच होतो.
श्रीधरपंत हात धुवायला मागे गेले ते परतेनात. जाऊन पाहिलं तर पडवीत खेळत होते. बाह्या वर केलेल्या, जीभ दातांत. उजव्या फ्लिपरची खुबी त्यांना पाचव्या गोळीलाच समजली. आजवर कुणाला समजली नव्हती. दोन-अडीच हजार गुण झाले. थांबले आणि म्हणाले, वा, काय चीज आहे, कुठून मागवलंत.
परीक्षण नव्हतं. दहा फूट नव्हते. मी अगदी जवळ उभा होतो.
"मीच बनवलंय," मी म्हणालो.
ते खो खो हसले. माझ्या पाठीवर थाप मारली. हसत हसत पलीकडे उभ्या असलेल्या त्यांच्या सौभाग्यवतींना म्हणाले, "ऐकलंस का, आमचे व्याही भारी विनोदी आहेत बरं."
विजया दारात, हातात पोह्यांच्या बश्या. 'व्याही' हा शब्द तिने ऐकला.
श्रीधरपंतांनी वाकून मागची पट्टी वाचली, किमतीची पाटी वाचली, आणि माझ्या कानाशी येऊन हळूच विचारलं, "एक लाख शहाऐंशी तर छापील. डिस्काउंट किती पाडलात?"
मी विजयाकडे पाहिलं. मग यंत्राकडे.
म्हटलं, "दहा टक्के."
ते खूश झाले.
आता वाटतं, जरा जास्तच सांगितले. या दर्जाच्या यंत्रावर आठच्या वर कुणी देत नाही.